आखाड न तळणारं घर

आषाढ लागला की आमच्या भवानी पेठेत दुपारी गल्लीतून चालताना कोणाच्या घरी काय तळणं चाललंय, ते दारात न डोकावता कळतं. गुळाच्या कापण्यांचा वास जड, तो जोत्याशी रेंगाळतो. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा वास चपळ, तो नाकात शिरून शिंक काढूनच पुढे जातो. आषाढाला आमच्याकडे आखाड म्हणतात आणि आखाड हा तळायचा असतो. देवाला नैवेद्य म्हणून तळतात, माहेरी आलेल्या लेकीसाठी तळतात, आणि खरं सांगायचं तर खावंसं वाटतं म्हणून तळतात. पाऊस या दिवसांत सोलापूरला नुसती हूल देतो. ढग येतात, डोक्यावर थांबतात, आणि कर्नाटकात काही काम राहिल्यासारखे निघून जातात. वारा मात्र दिवसभर दारं आपटत असतो. अशा हवेत गरम कापणी हातात आली की माणूस भांडण विसरतो, असं माझी आई म्हणायची.

आमच्या घरी मात्र आखाड तळत नाहीत. पूर्वी तळायचे, त्या एका वर्षानंतर बंद झालं. शेजारणी विचारतात तेव्हा मी सांगते, आत्यांचे गुडघे दुखतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्या म्हणायची रीत आहे, मग ती बापाची बहीण असो वा नसो. गुडघ्यांचा आणि कढईचा काय संबंध, असं अजून कोणी मला विचारलेलं नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच असावा.

यंदा हवा सगळी तशीच आहे. तोच कोरडा वारा, तेच पांढुरके ढग, पत्र्यावर सरकणाऱ्या विटेचा तोच आवाज. मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जाते आणि कपडे हातात धरून तशीच उभी राहते. शरीराला तिथी कळत असावी. मनाने कितीही सांगितलं की ते सगळं होऊन वर्षं लोटली, आजार गेला, तोंडावरचे मास्क गेले, तरी आखाडाचा वारा सुटला की मला कोणीतरी खालच्या खोलीत दार लावून बसलंय आणि आपण बाहेर उभे आहोत, असं वाटायला लागतं.

त्या खोलीत बसलेली होती सुजाता, माझी नणंद. लोक तिला हवाई सुंदरी म्हणायचे आणि ती चिडायची. ती स्वतःला क्रू म्हणायची. पेठेतल्या मुलीने यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास करून, आरशासमोर इंग्रजी बोलून बोलून ती नोकरी मिळवली होती. सात वर्षं ती उडत होती. आत्यांनी विमान आतून कधी पाहिलं नाही, पण विमानातल्या मिठामिऱ्याच्या चपट्या पुड्या त्यांच्या मसाल्याच्या डब्यात असायच्या आणि पाहुण्यांच्या पानात एकेक वाढली जायची. पाहुणा ती उलटीसुलटी करून बघायचा. मग आत्या, आपलं काही विशेष नाही अशा चेहऱ्याने, लेक आज कुठल्या गावाला गेलीय ते सांगायच्या.

या नोकरीतली एक गोष्ट आत्यांना कधी पटली नाही, ती म्हणजे वजन. क्रूचं वजन ठरलेलं असतं. अधूनमधून काट्यावर उभं करतात, आणि जास्त भरलं की जमिनीवर बसवतात. मग उडणं बंद. त्यामुळे सुजाता सुट्टीला आली तरी अर्धी भाकरी, काकडी आणि फोडणी न दिलेलं मुगाचं कढण, एवढ्यावर राहायची. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही अशा गावात हे म्हणजे घरच्यांचा अपमानच. आखाडात आली तर कापणीचा वास घ्यायची, एक कोपरा मोडून जिभेवर ठेवायची आणि उरलेली माझ्या ताटात टाकायची. मी तिला म्हणायचे, तुझ्या नोकरीपायी माझं वजन वाढतंय. ती हसायची. आत्या हसत नसत.

मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते. आमच्याकडे नोकरी म्हणजे अशी, की माणूस एक वेळ जाईल पण नोकरी जाणार नाही. सोलापूरला सून म्हणून आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की नोकरी जाणं हाही घराघरातला एक इतिहास असतो. माझे सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते घरी बसले. आत्या सांगायच्या, त्यांनी एक शब्द तक्रारीचा काढला नाही, फक्त हळूहळू जेवण तोडलं. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली, आणि विचारलं की म्हणायचे, बसून राहणाऱ्याला भूक कुठली. मी त्यांना भिंतीवरच्या फोटोतच पाहिलंय. आत्यांनी मात्र ती अर्धी भाकरी रोज ताटात उरलेली पाहिली होती. हे मला तेव्हा नीट समजलं असतं तर पुढचं बरंचसं आधीच समजलं असतं.

विमानं थांबली त्या उन्हाळ्यात सुजाता घरी आली, हातावर विलगीकरणाचा शिक्का घेऊन. ती आली आणि गल्लीचे चेहरे बदलले. विमानातली पोरगी आलीय, म्हणजे आजार आलाय, असा साधा हिशोब. दूधवाला कोपऱ्यावरच थांबून हाका मारू लागला. ज्यांच्या पानात मिठाच्या पुड्या पडल्या होत्या तेही आमच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावू लागले. फक्त समोरच्या नसीमभाभी रोज गॅलरीतून विचारायच्या, “बेटी ठीक है ना? खाना खाई क्या?” त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची सोय नव्हती. शिक्का उतरला, आजार काही निघाला नाही, पण ती घरातल्या घरात चोरासारखी वावरायला शिकली.

पहिल्यांदा पगार कमी झाला. मग बिनपगारी रजा आली. प्रत्येक वेळी कंपनीकडून आलेल्या पत्रात आपण सारे एक कुटुंब आहोत असं लिहिलेलं असायचं. सुजाता ते मला वाचून दाखवायची आणि म्हणायची, वहिनी, ज्या दिवशी कुटुंब हा शब्द दोनदा येईल त्या दिवशी समजा. ती रोज सकाळी गच्चीवर येरझाऱ्या घालायची, जिना चढायची-उतरायची, दोरीच्या उड्या मारायची. खालच्या मजल्यावर छताची माती पडायची. कोणत्याही क्षणी बोलावणं आलं तर तयार असायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अर्धी भाकरी, काकडी, कढण, फार तर चमचाभर भाजी आणि पेलाभर ताक. तिचं कढण वेगळ्या लहान पातेलीत आत्या स्वतः करत. भाकरीही तिची वेगळी थापत. मला त्या पातेलीला हात लावू देत नसत. मला वाटलं, लेक खूप दिवसांनी घरी आहे, करू देत.

शहराची ती अवस्था आता सांगितली तरी खोटी वाटते. रस्त्यावर फक्त रुग्णवाहिका. पेठेतले माग बंद, त्यामुळे अशी शांतता की रात्री झोप येईना. आम्हाला खडखडाटात झोपायची सवय. संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरची बातमी यायची. अशा दिवसांत एखाद्याची नोकरी टिकेल की नाही याची काळजी करणंसुद्धा चैनीचं वाटायचं. पण काळजीला हे कळत नाही. गल्लीत माणसं जात होती आणि आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष एका फोनकडे होतं, हे खरं आहे. त्याची मला आजही थोडी लाज वाटते.

आखाड लागला आणि पत्र आलं. कंपनी अगदी थोडी विमानं उडवणार होती आणि थोडीच माणसं ठेवणार होती. कोणाला ठेवायचं हे ठरवण्याआधी प्रत्येकाने आपलं आजचं वजन कळवायचं होतं. नुसतं लिहून चालणार नव्हतं. काट्यावर उभं राहून फोटो काढायचा, चेहरा आणि आकडा एकाच फोटोत दिसला पाहिजे.

घरात काटा नव्हता. व्यायामशाळा बंद. दवाखान्यात पाय ठेवायची भीती. तेव्हा आमचे हे म्हणाले, आमच्या कारखान्यात चला. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करायचे आणि बिघडू नयेत म्हणून दिवसभर त्यांच्यामागे फिरायचं. त्या आठवड्यात चार-दोन माग सुरू झाले होते. तिथे सुताची पोती तोलायचा मोठा काटा होता.

हे मोटारसायकलवर पुढे, आम्ही दोघी स्कूटीवर मागे. चौकात पोलिसाने अडवलं. यांनी कारखान्याचा पास दाखवला आणि आमच्याकडे बोट करून म्हणाले, कामावर चालल्यात. खोटं नव्हतं तसं. सुजाताने केस घट्ट बांधून अंबाडा घातला होता आणि ओठांना तिची ती नोकरीतली लाल लिपस्टिक लावून वर मास्क चढवला होता. फोटोत चेहरा यायचा होता ना.

गोदामात सुताचा कोरडा, घशात बसणारा वास. छतापर्यंत पोती. मधल्या मोकळ्या जागेत लोखंडी पत्र्याचा काटा आणि त्याच्या खांबावर लाल आकड्यांची चौकट. तोंडाला टॉवेल बांधलेले दोन कामगार हिला बघून बाजूला झाले आणि भिंतीकडे तोंड करून उगीच पोती मोजू लागले. तिने मास्क काढला, काट्यावर चढली. मी मोबाइल धरला. आकडे नाचले आणि थांबले.

तीन किलो जास्त.

ती खाली उतरली. घड्याळ काढलं, कानातलं काढलं, चपला काढल्या, परत चढली. आकडा हलला, पण हलल्यासारखा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. इतके महिने अर्धी भाकरी आणि दोरीच्या उड्या, आणि वजन वाढलं कसं, हे मला उमजेना. ती म्हणाली, “दादा, काटा चुकतोय तुमचा.”

हे पोत्यांच्या थप्पीकडे गेले. त्यांनी सुताचं एक पोतं लोटत आणलं आणि काट्यावर टाकलं. पोत्यावर वजन छापलेलं होतं. चौकटीत तेच आलं. यांनी पोतं परत जागेवर नेऊन ठेवलं. बहिणीचं वजन बरोबर आहे हे सिद्ध करावं लागणाऱ्या भावाचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मग ते तिच्याजवळ आले आणि कामगारांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “हे बघ, सुजे. आदी तीन किलो सूत ठिवतो, झिरोचं बटण दाबतो, मग सूत काढून घेतो. तेवढंच कमी दावंल. धा वेळा बघितलंय मी गिऱ्हाइकापुढं.”

मला वाटलं, झालं, सुटलो. मी मोबाइल परत वर धरला.

“नको,” ती म्हणाली.

“कोण बघतंय हितं?”

“कुणी नाही. तरी नको. वजनाचं खोटं आमच्यात चालत नाही, दादा. सामान असू दे नाहीतर माणूस. खोटं वजन घेऊन विमान उडवत नसतात.”

ती परत काट्यावर उभी राहिली, खांदे मागे घेतले आणि हसली. दारात उभं राहून आलेल्या प्रत्येक प्रवाशाकडे बघून हसायचं ते हसू. मी फोटो काढला. तिने तिथेच, पोत्यांच्या मधे उभं राहून, तो पाठवून दिला. घरी येताना मी स्कूटी चालवत होते आणि ती मागे बसून माझ्या खांद्याला धरून होती. तिची पकड इतकी घट्ट होती की संध्याकाळी खांदा दुखला.

आत्यांना आम्ही इतकंच सांगितलं की वजन थोडं जास्त भरलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ताटातला हात थांबला, पण त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुजाता गच्चीवर असताना त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“मीच घालत हुते,” त्या म्हणाल्या. “कढणात तूप. ताकात लोणी. भाकरी दुधात मळत हुते. भाजीत कूट बारीक वाटून, दिसू न्हाई असा. पोरगी वाळून चालली हुती गं. त्येनीबी असंच तोडलं हुतं जेवण. मला बघवंना.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू. दातावर दात दाबून मी विचारलं, अहो आत्या, तिची भाकरी त्या नोकरीत आहे, आणि तुम्ही घरच्या भाकरीत दूध घालत बसलात? वजनावर नोकरी आहे हे तुम्हाला सात वर्षं माहीत आहे. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, विमानं तर बंद हायत की, कोण तोलायला येतंय असं वाटलं. तेही खरं होतं. विमानं बंद होती, कोणी तोलायला येणार नव्हतं. तोलणं घरात येईल हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

सांगायचं का तिला? आम्ही दोघी त्या लोटलेल्या दारामागे हळू आवाजात तेच तेच बोलत राहिलो. फोटो गेलेला होता. सांगून आकडा कमी होणार नव्हता. निकाल लागू दे, ठेवून घेतलं तर हसत हसत सांगू, असं ठरलं. आणि नाही घेतलं तर, हे आम्ही बोललोच नाही. त्या दिवसापासून आत्यांनी कढण खरंच पाण्यासारखं केलं. संध्याकाळी सुजाता पहिला घोट घेऊन क्षणभर थांबली. मला वाटलं, गरम असेल.

मग वाट बघणं. वाट बघणाऱ्या घरात भांड्यांचाही आवाज मोठा होतो. फोन वाजला की आत्या देवघराकडे बघायच्या आणि मी आत्यांकडे. सगळ्या गल्लीत तळणीचे वास सुटले होते. आजार कितीही असो, ज्याला जमलं त्याने आखाड तळलाच. आमच्याकडे कोणी कढईचं नाव काढलं नाही. मला रात्री स्वप्नात तो लाल आकडा दिसायचा. आत्या दिवसभर गप्प असायच्या आणि लेक समोर आली की उठून जायच्या. सुजाताला वाटलं असेल, आईला माझा भार होतोय. तसं तिला वाटू नये म्हणून मी उगीच बडबड करायचे. तिघींत मिळून एका धड माणसाएवढीही झोप होत नव्हती.

बोलावणं एका सकाळी आलं, फोनवरच्या मीटिंगचं. तिने परत अंबाडा घातला. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले आणि फटीतून तिला पाहिलं. मोबाइल भिंतीला टेकवून ती समोर ताठ बसली होती, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. असं बसलेलं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे कधीतरी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, विमान उडताना आणि उतरताना क्रू असेच बसतात. हात दाबून धरायचे आणि मनात सगळं आठवायचं, आग लागली तर कुठलं दार, काय ओरडायचं, कोणाला आधी उचलायचं. कोणी बोलायचं नाही. मी विचारलं, त्या दिवशी काय आठवत होतीस? ती म्हणाली, दारच आठवत होते, वहिनी, पण आपल्या त्या खोलीला एकच आहे.

कोणीतरी अनोळखी माणूस वाचून दाखवत होता. इंग्रजी, गुळगुळीत, न थांबता. तिला बोलायची सोय नव्हती, तिच्या बाजूचा आवाज त्यांनी बंद ठेवला होता. चहावर साय धरायच्या आत सगळं संपलं. कुटुंब हा शब्द मला दारातून दोनदा ऐकू आला.

ती बाहेर आली. आत्या ओट्याशी होत्या. तिने तोंड धुतलं, लिपस्टिक पुसली, केस सोडले आणि म्हणाली, “आई, यंदा आखाड तळला न्हाईस का गं?”

आत्या समजल्या. त्यांनी काही न विचारता गूळ पाण्यात घातला, कणीक मळली, कढई ठेवली. कापण्या वाकड्यातिकड्या कापल्या जात होत्या. सुजाता ओट्याला टेकून उभी राहून एकामागून एक खात होती, गरम, जीभ भाजत, खसखस हनुवटीला लागलेली. सात वर्षांत मी तिला असं खाताना पाहिलं नव्हतं. दुपारी हे कामावरून आले, दारातून तिला खाताना पाहिलं, हातातला डबा खाली ठेवला आणि हातपाय धुवायला गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. बादली भरून वाहत होती, तरी नळ चालू होता.

त्या दिवशी तिच्याबरोबरच्या कितीतरी जणींच्या नोकऱ्या गेल्या. नोकरीच्या गावी तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण, बारीक म्हणून जिला आम्ही काडी म्हणायचो, तिचीही गेली. आणि हिच्याहून जाड एक टिकली. म्हणजे वजनाने झालं असं कोणी म्हणू शकत नव्हतं, आणि वजनाने झालं नाही असंही. मी हे आत्यांना किती वेळा समजावलं असेल. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, त्या काडीची आय न्हवती ना तूप घालत.  त्या वर्षानंतर त्यांनी कढई माळ्यावर टाकली. दरवर्षी नवीन कारण. गुडघे, तेलाचा भाव, डोळ्याचं ऑपरेशन. लेकीला सांगायचं धाडस मात्र झालं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण ते सांगणं माझं नव्हतं.

कधी कधी वाटतं, नोकरी गेली यापेक्षा का गेली हे न कळणं जास्त छळतं. गिरणी बंद झाली तेव्हा निदान भोंगा बंद झाला होता, सगळ्या गावाला कळेल असा एक पुरावा होता. इथे एक गुळगुळीत आवाज, आणि त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या घरात कारण शोधत बसायचं. आत्यांना ते तुपात सापडलं. यांना त्या झिरोच्या बटणात सापडलं. अजून कधीतरी म्हणतात, दाबायला पायजे हुतं.

सुजाता पुण्याला एका मोठ्या इस्पितळात लागली. रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायचं काम. घाबरलेल्या माणसांशी कसं बोलायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं, म्हणते. परत उडायला मिळालं नाही. विमानं सुरू झाली तोवर वय आडवं आलं. हल्ली सोलापुरातूनही विमान उडतं. ते डोक्यावरून गेलं की आत्या वर बघत नाहीत आणि सुजाता बघते, बराच वेळ बघते.

परवा ती आखाडासाठी आली. येताना गूळ, खसखस, बडीशेप घेऊनच आली आणि पिशवी आत्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, या वर्षी कारण चालणार नाही. आत्यांनी गुडघ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, तू नुसती खुर्चीत बस, मी तळते. आत्यांनी तेलाचं सांगितलं. तेल आणलंय, ती म्हणाली. मग ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि विचारलं, “खरं सांग आई. का तळत न्हाईस?”

मी भांडी घासत होते. हात साबणात तसेच थांबले. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकदम वाटलं, आता सांगू नका, इतकी वर्षं निभावलंत, ही उठून पुण्याला निघून जाईल आणि परत येणार नाही. पण त्यांचं वय झालंय. आता ओझं पेलवत नसावं. त्यांनी सांगितलं. तूप, लोणी, दूध, कूट, सगळं, एकेक करून, मला सांगितलं होतं त्याच क्रमाने. म्हणजे रोज मनात म्हणत असणार. “तुजी नोकरी मी खाल्ली,” शेवटी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना न लावता तशाच बसून राहिल्या.

 वाऱ्याने दार एकदा आपटलं. मग तिने आत्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत हुतं,” ती म्हणाली. “कढणात तूप हाय ते मला कळंना व्हय, आई?”

“मग बोलली का न्हाईस?”

“सात वर्षं उपाशी हुते गं. बोलले असते, तर तू घालायचं बंद केलं असतंस.”